रविवारचा दमा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात चौथीच्या वर्गशिक्षिका एका मुलाला घेऊन माझ्या खोलीत आल्या. खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, तीन खुर्च्या आणि खेळाच्या साहित्याचं एक कपाट, जे हलवायचं ठरून दोन वर्षं झाली. नाशिकच्या या शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक म्हणून जाते. बाईंच्या चिठ्ठीत एवढंच होतं: ‘दमा आहे. पी.टी.ला बसून असतो. सहलीला नाव दिलं नाही. जूनपासून ११ गैरहजेऱ्या, त्यातल्या ८ सोमवारच्या.’

मुलगा नऊ वर्षांचा. अंगानं बारीक, बोलायला चटपटीत. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात निळा पंप, आणि बोलताना एक हात कायम त्या कप्प्यावर. मी विचारलं, तुला दमा कधी होतो? थंडीत होतो, धुळीनं होतो, पळालं की होतो, असं काहीतरी तो म्हणेल असं वाटलं होतं.

तो म्हणाला, “रविवारी.”

मी हसले नाही, याचं मला अजून समाधान आहे.

पहिल्या भेटीत मी मुलांना घरची कामं विचारते. अभ्यास, भीती, मित्र यांबद्दल मुलं तयार उत्तरं देतात. कामांबद्दल विचारलं की घर कळतं. यानं आईबाबांची कामं सांगितली आणि मग स्वतःची बोटांवर मोजली. “दूध आणतो. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. खोकतो.”

“खोकतो म्हणजे?”

“फोन आला की. आई माझ्याकडे अशी बघते.” त्यानं भुवया उंचावून दाखवल्या. “मग मी खोकतो. आवाज फोनमध्ये जायला पाहिजे.”

सांगताना चेहऱ्यावर लाज नव्हती, अपराधीपणाही नव्हता. दुधाची पिशवी वेळेवर आणणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर असतो तेवढाच जबाबदारपणा होता.

हे प्रकरण मी आईवडिलांच्या परवानगीनं लिहिते आहे. कुटुंब ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत.

घर

वडील अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आई एका पतसंस्थेत काउंटरवर. राहायला पाथर्डी फाट्याजवळ, घरावर कर्ज. वडिलांचं गाव निफाड तालुक्यात. तिथं साडेतीन एकर द्राक्षबाग, सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं, बाग मात्र थोरला भाऊ आणि वहिनी बघतात. आजी गावीच.

ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: ऑक्टोबरची छाटणी झाली की पेस्ट लावा, फुटवे काढा, विरळणी करा, घड औषधात बुडवा. अधूनमधून पाऊस पडला की डावणी, थंडी-धुकं आलं की भुरी, आणि या दोन्ही बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल काढणं आणि व्यापाऱ्याशी हुज्जत. या सहा-सात महिन्यांत बागेच्या घराला रविवार नसतो. शहरात नोकरी करणाऱ्या भावानं रविवारी यावं, मजुरांवर लक्ष ठेवावं, हिशेबाला बसावं, आणि त्याच्या बायकोनं पंधरा माणसांच्या भाकरी थापायला हात लावावा, ही अपेक्षा कुणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवली नाही म्हणून ती कमी होते असं नाही.

मुलाला दमा खरंच होता. साडेतीन वर्षांचा असताना नोव्हेंबरात गावी गेले होते. त्या दिवशी बागेत फवारणी झाली होती, पोराला आधीपासून सर्दीही होती. रात्री छाती वाजायला लागली, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली. मध्यरात्री मुंबई-आग्रा हायवेनं नाशिकला आणलं, नेब्युलायझर लावलं, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एकदा तसंच झालं. फवारणीमुळे झालं की सर्दीमुळे, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. या वयात सर्दीच्या विषाणूनं छाती भरणारी मुलं खूप असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास शाळेत जायला लागेपर्यंत ओसरतो.

पहिल्या दवाखान्यानंतरचा सगळा हिवाळा ते गावी गेले नाहीत. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. उलट आजी म्हणायची, पोराला जपा, इकडं येऊ नका.

आई मला म्हणाली, “मॅडम, तो हिवाळा आमच्या लग्नानंतरचा सगळ्यात शांत हिवाळा होता.”

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. पोराचा जीव घाबरा झाला ती रात्र त्यांना आजही आठवली तरी डोळ्यांत पाणी येतं. आणि त्याच रात्रीनं त्यांना मोकळे रविवार दिले. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

मग सवय लागली. आधी फक्त गावासाठी. नंतर वडिलांनी कंपनीत सांगितलं, थर्ड शिफ्ट नको, पोराला रात्री केव्हाही दवाखान्यात न्यावं लागतं. आईला सिन्नरच्या शाखेत पाठवायचं चाललं होतं, तेही दम्यानं अडवलं. सोसायटीची मीटिंग, संगमनेरचं लग्न, ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलाची मुंज. सोमवारच्या गैरहजेऱ्यांचा उलगडाही इथंच झाला. रविवारी नातू आजारी म्हटल्यावर आजी सोमवारी सकाळी आठ वाजता व्हिडिओ कॉल करायची, दाखवा मला त्याला. शाळा सातची. मग रविवारचं खोटं सोमवारी निस्तरायला पोरगा घरी.

फाइल

आईवडिलांना बोलावलं तेव्हा पहिली वेळ त्यांनी पुढे ढकलली, मुलाला ताप आहे म्हणून. दुसऱ्या वेळी आले. खोकल्याचा विषय आईनंच काढला, आणि गंमत म्हणून काढला. “आमचं कार्टं पण इतकं हुशार, मी फोनवर ताईंना सांगत असते ना, की याची छाती भरलीय, तर हा पोळी खाता खाता बरोब्बर खोकतो.” वडीलही हसले.

मी मुलानं सांगितलेली कामांची यादी वाचून दाखवली. दूध, कुंड्या, खोकला. वडिलांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. आईनं पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली.

मी त्यांना दवाखान्याची फाइल आणायला सांगितली होती. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची: बरेच महिने लक्षणं नाहीत, खेळायला हरकत नाही, पंप गरजेपुरता जवळ ठेवावा. त्यानंतर घर त्या डॉक्टरांकडे गेलंच नव्हतं. कोण जाणार? त्यांनी ‘बरा आहे’ म्हटलं तर?

पंपाचा भाग मला जास्त काळजीचा वाटला. निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल. आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणारं, लवकर काम करणारं औषध. दम लागला असताना ते देवासारखं आहे. पण हात थरथरणं आणि छाती धडधडणं हे त्याचे ठाऊक असलेले परिणाम आहेत. हा मुलगा पी.टी.च्या तासाआधी, दम लागलेला नसताना, ‘लागेल’ म्हणून दोन-तीन दाब घ्यायचा. मग काळीज धडधडायचं. धडधडलं की त्याला वाटायचं, आला दमा. मग तो मैदानाच्या कडेला बसायचा. कुणीही खोटं बोलत नव्हतं आणि तरी चक्र फिरत होतं.

त्यांना त्याच डॉक्टरांकडे परत पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं, फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री केली. ती ठीक आली. त्यांनी हेही नीट सांगितलं की एका दिवशीची चाचणी चांगली आली म्हणजे दमा कायमचा गेला असं होत नाही, पण मैदानावर पळायला काहीही अडचण नाही. मुलाच्या हातात एक पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी नळी, दिलं. रोज सकाळी उभं राहून तीन वेळा जोरात फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवायचा. पंप खरोखर दम लागला तरच. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण असं प्रकरण वाचून कुणी आपल्या मुलाचा पंप कपाटात ठेवून देऊ नये. पंप कधी घ्यायचा आणि कधी नाही, हे डॉक्टर सांगतात, समुपदेशक नाही.

सूट कुणाला

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्स यांनी १९५१ साली ‘आजाऱ्याची भूमिका’ अशी कल्पना मांडली. आजारी माणसाला समाज रोजच्या कर्तव्यांतून सूट देतो, त्याच्या आजाराचा दोष त्याच्यावर ठेवत नाही, आणि बदल्यात त्यानं बरं होण्याचा प्रयत्न करावा अशी अपेक्षा धरतो. या घरात आजार एकाचा होता आणि सूट दोघांना मिळत होती. मग बरं व्हायची घाई कुणाला असणार?

दुसरं नाव साल्व्हादोर मिनुचिन यांचं. १९७० च्या दशकात फिलाडेल्फियात त्यांनी मधुमेह, दमा किंवा खाणं सोडून देणं असा त्रास असलेल्या मुलांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. आईबापांमधला जो वाद उघड होऊ शकत नाही तो मुलाच्या आजाराकडे वळवला जातो, आजाराची काळजी करताना दोघं एक होतात आणि वाद तसाच राहतो, असं त्यांचं निरीक्षण. त्यातून पुढे ‘आजार घरच्यांमुळेच होतो’ असा सोपा अर्थ काढला गेला आणि अनेक आयांनी उगाच बोल खाल्ले. तसं नाही. दमा आईबापांमुळे होत नाही. पण झालेल्या दम्याचं घरात काय केलं जातं, हे घरावरच आहे.

हे सगळं मी त्यांना अर्थातच असं सांगितलं नाही. वडिलांचा मुद्दा साधा होता. “मॅडम, एवढ्या-तेवढ्या थापा कोण मारत नाही? आणि पोरांना काय कळतंय त्यातलं?”

त्यांना मी एक प्रयोग सांगितला. २०१४ साली चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर या सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ३ ते ७ वर्षांच्या १८६ मुलांवर केलेला. काही मुलांना आधी सांगितलं, शेजारच्या खोलीत गोळ्यांचं मोठं भांडं आहे. मग लगेच कबूल केलं, तसं काही नाही, तुला खेळायला आणायचं म्हणून म्हटलं. नंतर मुलाच्या पाठीमागं एक खेळणं ठेवून ‘वळून बघू नकोस’ असं बजावून मोठं माणूस बाहेर गेलं. ज्यांना फसवलं नव्हतं अशा शाळकरी वयाच्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी वळून बघितलं आणि त्यातल्या सुमारे ६० टक्क्यांनी ‘नाही बघितलं’ म्हटलं. ज्यांना फसवलं होतं त्यांच्यात बघणारे ८० टक्क्यांच्या आसपास आणि खोटं बोलणारे जवळजवळ ९० टक्के. अगदी लहान, तीन-चार वर्षांच्या मुलांत मात्र फरक दिसला नाही.

“आणि तिथं तर एक अनोळखी बाई एकदाच खोटं बोलली होती,” मी म्हटलं.

वडील म्हणाले, “आमचा तर खोटं बोलतच नाही.” हे खरं होतं. मला त्याचंच वाईट वाटत होतं. खोटं बोलणाऱ्या पोराला निदान खरं काय ते माहीत असतं. हा पोरगा ऐकत आला होता की आपली छाती भरलीय, आणि आपल्या मोठ्यांवर त्याचा विश्वास होता.

‘नाही’ म्हणायची सोय

इथं थोडं त्या आईच्या बाजूनं बोलायला हवं. मुलाच्या खांद्यावर बंदूक ठेवली, असं म्हणणं सोपं आहे. पण तिच्या हातात दुसरं काय होतं? आपल्या घरांत सुनेच्या तोंडी ‘मला यायचं नाही’ हे वाक्य अजून बसत नाही. ‘ह्यांना सुट्टी नाही’ चालतं. ‘बाळाला बरं नाही’ सगळ्यात छान चालतं, कारण त्यावर पुढचा प्रश्न विचारणारा वाईट ठरतो. सहा दिवस काउंटरवर लोकांच्या एफडीच्या पावत्या फाडून सातव्या दिवशी पंधरा जणांच्या भाकऱ्या नकोत, यात मला तरी काही चुकीचं दिसत नाही. चुकीचं एवढंच की ते नको असणं तिनं पोराच्या छातीत ठेवलं.

पुरुषांचंही तेच, फक्त वेगळ्या ठिकाणी. थोरल्या भावानं डिप्लोमाची फी भरलेली असते. त्याला धाकटा नाही म्हणू शकत नाही. बॉसला म्हणू शकत नाही. पोरगा मधे उभा केला की मग नाही म्हणावंच लागत नाही.

आणि मीही काही सोवळी नाही. याच प्रकरणाच्या काळात एका संस्थेनं रविवारच्या कार्यशाळेला बोलावलं होतं, तर मी ‘मुलीची परीक्षा जवळ आलीय’ असं सांगून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, “माझी परीक्षा मार्चमध्ये आहे.” तेव्हा डिसेंबर चालू होता.

वही

मी त्यांना खोटं बोलणं बंद करा असं सांगितलं नाही. ते जमणारं नव्हतं, आणि मला जमत नव्हतं ते त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? दोन गोष्टी सांगितल्या. एक, घरात एक शंभर पानी वही ठेवायची. मुलाचं नाव पुढे केलं की तीन रकाने भरायचे: कुणाला, काय सांगितलं, खरं काय. दोघांनी एकाच वहीत लिहायचं. दुसरी, तीन आठवड्यांनंतर नियम: काय वाटेल ती सबब सांगा, पण पोराच्या नावावर नाही. गाडी पंक्चर आहे म्हणा, कंबर धरलीय म्हणा. खोटंच बोलायचं तर स्वतःच्या अंगावर घेऊन बोला.

तीन आठवड्यांत १९ नोंदी झाल्या. पहिलीच वडिलांची होती, मागच्या तारखेची. ‘शाळेतल्या मॅडमना. त्याला ताप आहे. मॅडमकडे जायची धास्ती.’ ही वाचून मी मोठ्यानं हसले आणि तिथून आमचं बोलणं सोपं झालं.

आईची एक नोंद: ‘मॅनेजरना. याची तपासणी आहे, लवकर निघते. माहेरी फोनवर भांडण झालं होतं, रडू आवरत नव्हतं.’ सगळ्या वहीत मला ही नोंद सगळ्यात एकटी वाटली. या बाईला पतसंस्थेतून अर्धा तास लवकर निघायलाही स्वतःचं दुःख पुरत नव्हतं.

आणि मग बारावी किंवा तेरावी नोंद, वडिलांच्या अक्षरात: ‘दादाला. डॉक्टरांनी बागेत आणू नका सांगितलंय. सही करायची नाही.’

हे आईनं माझ्यासमोर वाचलं. “सही? कसली सही?”

दोन वर्षांपासून थोरल्या भावाला बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकायचं होतं. अवकाळीनं आणि गारपिटीनं हातातोंडाशी आलेला माल गेलेला ज्यानं बघितला आहे, त्याला हे आच्छादन चैन वाटत नाही. पण खर्च एकरी लाखांत, त्यासाठी कर्ज, आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं म्हणून कर्जाला दोघांच्या सह्या. वडिलांना घराच्या हप्त्यांवर आणखी एक कर्ज नको होतं. हे त्यांनी भावाला सांगितलं नव्हतं, आणि बायकोलाही नाही. तिला वाटत होतं, नवरा आपल्या भाकऱ्यांच्या त्रासासाठी गावी जाणं टाळतो. चांगल्या नवऱ्याचं लक्षण म्हणून ती हे मैत्रिणींना सांगतही होती.

ती भेट चांगली झाली नाही. ती उठून गेली, जिन्यात थांबली, परत आली. “म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच,” एवढंच म्हणाली. पुढचे दोन आठवडे वहीत एकही नोंद नाही. सबबी थांबल्या म्हणून नाही, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून.

जानेवारी

नियम सुरू झाला आणि वडिलांची पंचाईत झाली. भावाचा फोन आला की पंक्चर म्हणायचं तर घरासमोर दुकान, कंबर म्हणायची तर दादा म्हणणार मी येतो न्यायला. दम्याइतकी चांगली सबब दुसरी सापडेना. शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी ते एकटेच गावी गेले. काय झालं ते त्यांनी मला सांगितलं तसं लिहिते.

दुपारी बांधावर दोघं भाऊ बसले. यांनी सांगितलं, दादा, मी सही करणार नाही, माझ्यावर घराचं कर्ज आहे. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे तू मागल्या वर्षी सांगितलं असतं, तर मी दीड एकरापुरतं माझं मी बघितलं असतं. दोन वर्षं पोराला कशाला आजारी पाडलंस?”

याला वडिलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

हे लिहीपर्यंत दोघं भाऊ एकमेकांशी नीट बोलत नाहीत. गुढीपाडव्याला पुरणपोळीचा डबा आला, पण आजीच्या हस्ते. आईनं मात्र फेब्रुवारीत जावेला फोनवर सांगून टाकलं, “ताई, खरं सांगू, मला रविवारी झोपायचं असतं.” पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग जाऊ म्हणाली, “मला काय झोपायचं नसतं?” हा टोमणा होता की कबुली, यावर आम्ही एक अख्खी भेट घालवली आणि ठरलं नाही. त्यानंतर महिन्यातून एक रविवार ही जाते, भाकऱ्यांना बाई लावली आहे, पैसे दोघी निम्मे देतात. नवऱ्याशी तिचं अजून कुठं कुठं अडतं, पण तिसरा रकाना आता दोघं एकमेकांना तोंडी सांगतात.

कंपनीत वडिलांना महिन्यातून एक आठवडा थर्ड शिफ्ट लागली. सिन्नरचं प्रकरण सुदैवानं आपोआप मागे पडलं.

मुलाचं सांगायचं राहिलं. आईवडील सुधारले आणि पोरगा उड्या मारत मैदानात गेला, असं अजिबात झालं नाही. नियम लागू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात गावाकडून फोन आला, आई म्हणाली, मला बरं वाटत नाही, आणि पोरगा शेजारी बसून खोकला. आईनं बघितलंही नव्हतं. फोन ठेवल्यावर तिनं त्याला सांगितलं, आता खोकायची गरज नाही. त्यानं विचारलं, “मग मी काय करू?” तिला वाटलं तो खेळाबद्दल विचारतोय. मला वाटतं, त्याची नोकरी गेली होती.

पुढचा महिनाभर तो जास्तच बसून राहिला. एकदा वर्गातच खरोखर दम लागला, सर्दी होती, पंप घेतला, वीस मिनिटांत उतरला. घरी मात्र गोंधळ उडाला, कारण आईला क्षणभर कळेना की विश्वास ठेवायचा की नाही. तो आकडा काढून दाखवायला लागला: “बघ, आज कमी आलाय.” त्या मीटरचा फायदा मला तिथं कळला. आता पहिल्यांदा त्याच्या छातीबद्दल काय ते तो सांगत होता, बाकीचे ऐकत होते.

रोजचे आकडे लिहायला घरात वेगळी वही कुणी आणली नाही. तीच शंभर पानी वही मागच्या बाजूनं उलटी करून त्यानं वापरायला घेतली. मागून त्याचे आकडे, पुढून आईबाबांचे रकाने. कधीतरी त्यानं पुढची पानं वाचली असणार. आईला मार्चमध्ये एक नोंद सापडली, पेन्सिलनं, रेघा पट्टीनं आखून. ती तिनं मला फोटो काढून पाठवली.

कुणाला: पी.टी. सरांना. काय सांगितलं: दमा. खरं काय: कबड्डीत मला कोणीच घेत नाही, शेवटी राहतो.

पी.टी.च्या सरांना हे मी सांगितलेलं नाही. आईनं विचारलं, सांगायचं का? मी म्हटलं, त्याच्या नावावर आता तुम्ही काही सांगू नका. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो खोलीत आला, कपाटातून बॅडमिंटनच्या रॅकेट मागितल्या, आणि कपाट हलवायचं कधी, असंही विचारलं.